दुसऱ्या ओळीचा उन्हाळा

मार्च संपत आला की आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक ठरावीक शांतता उतरते. प्रॅक्टिकल परीक्षा चालू असतात. पोरं पडद्याकडे बघतात, मी पोरांकडे. खिडकीबाहेर ऊन इतकं पांढरं असतं की मैदान कोणीतरी पुसून टाकल्यासारखं दिसतं. खानवेलच्या बाजूने वारा आला तर त्यात मोहाच्या फुलांचा वास असतो, गोड आणि जरासा आंबूस. सिल्वासात जन्म काढलेल्या माणसांना तो वास आवडतो. मी मात्र तो वास आला की खिडकी लावून घेते. तीसेक वर्षं झाली, अजून लावते.

रंजनाचा मला हेवा वाटायचा, हे एवढं साधं वाक्य उच्चारायला मला निम्मं आयुष्य लागलं.

नव्वदीच्या दशकाची ती सुरुवात होती. बाबा नाशिकहून इथल्या एका धाग्याच्या कारखान्यात मॅनेजर म्हणून आले होते आणि कंपनीच्या बंगलीत आम्ही राहत होतो. माझी बारावी संपली होती. सिल्वासाच्या आमली भागात एका टायरच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून गेलं की एक कॉम्प्युटर क्लास होता. तीन मशीन, त्यांतलं एकच रंगीत. क्लास चालवणारे परेशसर गुजराती होते आणि मराठी मुलींशी आपल्या परीने मराठी बोलायचे. विद्यार्थी जास्त, मशीन कमी, म्हणून दोघादोघांची जोडी लावलेली. माझ्या वाट्याला रंजना आली.

ती मूळची शिरपूरकडची. तिचे वडील, ज्यांना ती आबा म्हणायची, गलोंड्याच्या एका कारखान्यात मशीनवर होते. अथालला एका खोलीत पाच माणसं. ती सायकलवरून यायची, घाम पुसायची, ओढणीची गाठ सोडून त्यातला पेन काढायची आणि चौकटीच्या कागदाची वही उघडायची. गणिताची वही असते तशी. त्या वहीत तिचे प्रोग्रॅम असायचे. आम्हाला रोज एक तास मिळायचा, म्हणजे तिला अर्धा आणि मला अर्धा. उरलेले साडेतेवीस तास ती कागदावर प्रोग्रॅम चालवायची. एकेका ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. मशीनसमोर बसली की टाइप करायची, आणि बहुतेक वेळा ते पहिल्याच फटक्यात चालायचं.

माझ्या घरी कॉम्प्युटर होता. कारखान्याच्या ऑफिसातून काढून टाकलेला, खरखर आवाज करणारा, पण होता. हे तिला माहीत होतं. तिने कधी "येऊ का" विचारलं नाही आणि मी कधी "ये" म्हटलं नाही.

मे अखेरीस गावात उद्योगांचं एक प्रदर्शन भरणार होतं. परेशसर तिथे क्लासचा स्टॉल लावणार होते. "बेन, काहीतरी चालतं-फिरतं पाहिजे," सर म्हणाले. "लोक उभे राहिले पाहिजे. ज्याचं चांगलं, ते मी दिवसभर चालू ठेवीन." मग आमच्या जोडीत ठरलं की दोघींनी एकच खेळ आपापल्या पद्धतीने करायचा. मोहाची फुलं वरून पडतायत, खाली टोपली घेतलेली बाई डावी-उजवीकडे फिरते आणि फुलं झेलते. कल्पना तिची होती. मला तेव्हा ती दोघींची वाटली, कारण ती बोलली तेव्हा मी मान हलवली होती.

माझा खेळ आठवड्यात उभा राहिला आणि बघवेना. फुलं खराब ट्यूबलाइटसारखी लुकलुकत होती. मी प्रत्येक पावलाला सगळा पडदा पुसायचे आणि सगळं नव्याने काढायचे: आकाश, झाड, बाई, फुलं. पुसणं आणि काढणं यांच्या मधला काळा क्षण डोळ्यांना टोचत होता.

रंजना शेजारी बसून बघत होती. "सगळं कशाला पुसते?" ती म्हणाली. "हललंय काय? फूल. तेवढंच पूस."

"पुसलं की मागचं झाड पण जातं ना."

"मग पुसू पण नको. फूल ठेवायच्या आधी खालचा तुकडा उचलून ठेव. फूल सरकलं की तो तुकडा परत जागेवर ठेव."

तिने वहीत एक चौकोन काढून दाखवला. त्याच्याखाली दुसरा, आणि मधे बाण. दोन मिनिटांचं काम. मी म्हणाले, "हो, मी तेच करणार होते." मी ते करणार नव्हते. माझ्या डोक्यातही ते आलं नव्हतं. घरी गेल्यावर मी ते केलं, ते चाललं, आणि चाललं याचाच राग आला.

त्या दिवसांत आई मला ताडगोळे सोलून द्यायची आणि मी कॉम्प्युटरसमोर बसून ते खायचे. दुपारी कारखान्याचा भोंगा व्हायचा, पाळी सुटायची, रस्त्यावर सायकलींची रांग लागायची. मला त्या रांगेत ती कुठेतरी वही घेऊन चाललीय असं वाटायचं. मला तिच्या वहीचा हेवा वाटायचा. तिच्या ओठ हलवण्याचा, तिच्या अर्ध्या तासाचासुद्धा. माझ्याकडे अख्खा दिवस होता आणि मी तो सांडत होते. एकदा बाबा मला न्यायला क्लासवर आले, तिचा प्रोग्रॅम पाहिला आणि जेवताना म्हणाले, "त्या पोरीचं डोकं आहे." मी वरण वाढून घेतलं. आणखी काही म्हणतील म्हणून थांबले. त्यांनी लोणचं मागितलं.

फुलं लुकलुकायची थांबली, पण फार सावकाश पडत होती. आम्ही प्रोग्रॅम लिहायचो त्या पास्कल भाषेत चित्र काढायची जी तयार सोय होती ती मंद होती. वेग हवा तर पडद्याच्या मेमरीत थेट ठिपके लिहायचे, एवढं सरांनी सांगितलं. ती मेमरी कुठून सुरू होते तो आकडाही त्यांना ठाऊक होता. पुढची मांडणी कशी, ते ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. माझ्या मुंबईच्या काकांनी एक जाड पुस्तक पाठवलं होतं, त्यात सगळं होतं. क्लासमध्ये मी एकदा त्याची फुशारकीही मारली होती. म्हणून रंजनाने विचारलं, "दोन दिवस देशील? कव्हर घालून वापरीन."

"परत पाठवलं," मी म्हणाले. "काकांना हवं होतं."

पुस्तक माझ्या गादीखाली होतं. ही थाप मी आधी ठरवून ठेवली नव्हती. तोंडातून निघाली तेव्हा ती इतकी तयार होती की मीच चकित झाले.

"बरं," ती म्हणाली. "मग शोधू."

दुसऱ्या दिवसापासून तिने शोधायला सुरुवात केली. मेमरी म्हणजे घरांची लांबलचक रांग. ती एका घरात आकडा टाकायची आणि पडद्यावर कुठे उजेड पडतो ते बघायची. शून्य नंबरच्या घरात आकडा टाकला तर अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात चार ठिपके उजळले. पुढच्या घरात टाकला, पुढचे चार. एकोणऐंशीला पहिली ओळ उजवीकडे संपली. ऐंशी नंबरच्या घरात दुसरी ओळ सुरू व्हायला हवी होती. पण उजेड पडला तो तिसऱ्या ओळीत. मधे एक ओळ कोरी.

"दुसरी कुठे गेली?" रंजना म्हणाली.

ती पुढे जात राहिली. पाचवी ओळ, सातवी, नववी. एक सोडून एक. पडद्यावर कंगव्याच्या दातांसारख्या पट्ट्या उमटल्या. सात हजार नऊशे नव्व्याण्णवला पडद्याचा तळ आला. त्यापुढच्या पाच-सहा घरांत आकडे टाकले तर काहीच उजळलं नाही.

सरांनी लांबून पाहिलं. "बघ बेन, स्क्रीनच्या बाहेर हात नाय घालायचा. मशीन अटकून जाईल तर माझा पूरा दिवस जाईल."

एकदा ते अटकलंही, दुसऱ्या कोणाच्या तरी चुकीने, आणि सरांनी सगळ्यांवर आवाज चढवला. त्यामुळे रंजना त्या तळापाशी येऊन थांबायची. तिला वाटायचं, रांग इथे संपली. मग ती मागे जायची आणि वहीत नव्या अटकळी लिहायची. एका घरात दोन आकडे बसत असतील का? ओळी रंगांप्रमाणे वाटलेल्या असतील का? एकेक अटकळ रोज अर्धा तास तपासायची आणि खोडायची.

मी शेजारी बसले होते. मला माहीत होतं की त्या तळापुढे एकशे ब्याण्णव घरं रिकामी आहेत, आणि त्यानंतर, आठ हजार एकशे ब्याण्णव नंबरच्या घरात, दुसरी ओळ सुरू होते. तिथून चौथी, सहावी, सगळ्या राहिलेल्या. ते माझ्या पुस्तकात एका पानावर चौकटीत छापलेलं होतं. मी ते पान इतक्यांदा पाहिलं होतं की डोळे मिटूनही दिसायचं. तिची सायकल अथालपासून येताना कितीदा पंक्चर व्हायची, ते मला दिसत होतं. तिच्या डोळ्यांखालचं काळं दिसत होतं. मी गप्प बसले. एकदा तर तिच्या सांगण्यावरून मीच आकडे टाइप केले: आठ हजार, आठ हजार एक, आठ हजार दोन. माझी बोटं पुढे जायला तयार होती. "बास," ती म्हणाली, "सर ओरडतील," आणि मी लगेच हात काढून घेतला.

आठवा दिवस मला अजून तासातासाने आठवतो. वीज जाऊन आली होती, खोलीत उकाडा होता, सर खाली टायरवाल्याकडे चहाला गेले होते. रंजनाने जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज अटकलं तर अटकू दे." ती दहा-दहा घरं पुढे जाऊ लागली. अंधार. अंधार. आठ हजार शंभर. अंधार. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब जमले होते. मी मनात उलटे आकडे मोजत होते. तिने थांबावं असं मला वाटत होतं, हे मी आता लपवत नाही. आठ हजार एकशे ऐंशी. नव्वद. आणि त्या पुढच्या दहांत अगदी वर, पहिल्या पट्टीच्या खाली, पांढरे ठिपके उजळले.

ती ओरडली नाही. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता. "सापडनी," ती हळूच म्हणाली. घरची बोली ती क्लासमध्ये कधी बोलायची नाही. "अनघा, सापडनी बघ."

मी म्हणाले, "अरे वा."

ते पान मी पहिल्यांदा वाचलं होतं तेव्हा मला काहीच झालं नव्हतं. पुढचं पान उलटलं होतं.

एवढं करूनही माझा खेळ तिच्यापेक्षा चांगला झाला असता तर मी हे सगळं विसरूनही गेले असते. तो झाला नाही. माझी फुलं वाऱ्यावर डुलत, तिरकी, गिरक्या घेत खाली यायची. मला ते कवितेसारखं वाटायचं. पण एका घरात चार ठिपके असतात. फूल एखाद्याच ठिपक्याने बाजूला सरकलं की सगळा आकार नव्याने फोडून जोडावा लागायचा आणि खेळ अडखळायचा. रंजनाची फुलं सरळ पडायची. घरावर घर, जशीच्या तशी उचलून खाली ठेवायची. गुळगुळीत, पाण्यासारखं.

"तू डुलवत का नाहीस?" मी विचारलं होतं.

"मोहाचं फूल डुलत नाही," ती म्हणाली. "जड असतं. टपकन पडतं. आम्ही सकाळी वेचायला जायचो, आवाज येतो पडल्याचा. तू पाहिलं नाही का?"

मी पाहिलं नव्हतं. त्या झाडांच्या प्रदेशात मी सहा वर्षं राहत होते.

प्रदर्शनात सरांनी तिचाच खेळ लावला. माणसं थांबत होती. पुण्याचे एक गृहस्थ, शाळांसाठी शिकवायचे प्रोग्रॅम बनवणारे, बराच वेळ वाकून बघत राहिले. रंजना तेव्हा आबांना फाटकापाशी आणायला गेली होती. स्टॉलवर मी एकटी.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"आम्ही दोघींनी," मी म्हणाले.

रंजना परत आली तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही दोघी पुण्याला या. तीन महिने काम करून बघा." तिने माझ्याकडे पाहिलं. आता ती बोलणार, असं वाटून माझे कान तापले. ती म्हणाली, "हो, दोघीच बसायचो एका मशीनवर." मागे आबा उभे होते, कामाच्याच कपड्यांत. त्यांनी पुण्याच्या गृहस्थांना काही विचारलं नाही, मला विचारलं. "बेटा, तू जाई राहिनी का?" मी हो म्हटलं. "मग हिले पण धाड," ते स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले. मॅनेजरची मुलगी बरोबर आहे म्हणून ते तयार झाले. एकटी रंजना असती तर त्यांनी तिला कुठेही पाठवलं नसतं. माझ्या त्या अर्ध्या खोट्याने तिचं दार उघडलं, आणि याचाही मला आनंद झाला नाही.

पुण्यात मी पाच आठवडे टिकले. ती राहिली. तिथून बंगळूर, तिथून परदेश, मग परत. माझं लग्न इथल्याच एका इंजिनिअरशी झालं, शाळेत नोकरी लागली. मला शिकवायला आवडतं, हे खोटं नाही. पण दरवर्षी मोहाचा वास आला की मी मनात तिच्याशी हिशेब मांडून बसते.

यंदा आमच्या मुख्याध्यापकांनी परीक्षेनंतर मुलांशी बोलायला कोणाला तरी बोलवा म्हटलं. मी तिला फोन केला. ती एका शब्दात हो म्हणाली आणि वापीवरून गाडी करून आली. केस पांढरे, ते रंगवायची तसदी न घेतलेले. सुती साडी. मुलांसमोर उभी राहिली आणि फळ्यावर आडव्या रेघा मारल्या, एक सोडून एक.

"दुसरी ओळ कुठे गेली?" तिने मुलांना विचारलं.

मग तिने तो सगळा उन्हाळा सांगितला. लोखंडी जिना, सरांचा ओरडा, वही. "तुमच्या मॅडम आणि मी," ती म्हणत होती. "आठ दिवस शोधत होतो आम्ही. कोणाला विचारायची सोय नाही, पुस्तक नाही. मी नंतर खूप मोठी कामं केली, पण ते आठ दिवस पुन्हा मिळाले नाहीत. शेजारी बसून बरोबर शोधणारं माणूस पण नाही मिळालं." बोलताना तिचा चेहरा सतरा-अठरा वर्षांचा झाला होता. पोरं वळून वळून माझ्याकडे बघत होती, कौतुकाने.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तोच बाक, तोच उकाडा, तोच तास मलाही मिळाला होता. त्यातलं तिच्याकडे इतकं होतं, आणि माझ्याकडे गादीखालचं एक पुस्तक. तिच्या नोकऱ्यांचा, प्रवासांचा इतक्या वर्षांत वाटला नव्हता एवढा हेवा मला त्या आठ दिवसांचा वाटला.

स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. शिपाई चहा ठेवून गेला. ती म्हणाली, "किती बरं वाटलं गं."

"पुस्तक परत गेलं नव्हतं," मी म्हणाले. "माझ्याकडेच होतं. दुसरी ओळ कुठे आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

तिने कप खाली ठेवला. बाहेर पोरं फाटकाशी दंगा करत होती.

"सगळे आठ दिवस?"

"सगळे आठ दिवस."

का, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं, रडणंही तयार होतं. ती म्हणाली, "हे मला सांगायला नको होतंस, अनघा."

आवाजात राग नव्हता. आणि मी तिला खरं का सांगितलं, ते मला तेव्हा समजलं. मन हलकं व्हावं म्हणून सांगितलं, असं मी स्वतःला समजावत आले होते. पण वर्गात तिच्या चेहऱ्यावर जे पाहिलं, ते तिच्याकडे राहू नये, एवढंच मला हवं होतं. ते मी काढून घेतलं. मला ते मिळालं नाहीच.

तिने पदर सारखा केला, चहा अर्धा ठेवला आणि "निघते, वापीला ट्रेन गाठायचीय" म्हणाली. मी फाटकापर्यंत गेले. पोरांनी तिला घेरलं, सह्या घेतल्या, कोणीतरी तिच्याकडे फळ्यावरची ती रेघांची खूण वहीत काढून मागितली. तिने ती काढून दिली, शांतपणे, एक ओळ सोडून एक. मग ती गाडीत बसली. गाडी वळताना तिने काचेतून हात केला. पोरांनी ओरडून हात केले. मी त्यांच्या मागेच उभी होते, त्यामुळे तो हात कोणासाठी होता, ते मला नक्की सांगता येत नाही.